ताजी अळिंबी घरी कशी साठवावी आणि खाण्याजोगी आहे की नाही हे कसे ठरवावे

अळिंबीविषयी घरात जे प्रश्न पडतात ते मुळात दोन वेगळ्या प्रकारचे असतात. लागवड केलेली, खाण्यायोग्य जातीची अळिंबी शिळी होऊन बिघडली आहे का, हा एक प्रश्न; आणि समोरची अळिंबी मुळातच विषारी जातीची आहे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर डोळे, बोटे आणि नाक नीट वापरली तर बहुतेक वेळा मिळते. दुसऱ्याचे उत्तर त्यांच्या मदतीने मिळत नाही आणि स्वयंपाकघरातल्या कोणत्याही युक्तीनेही मिळत नाही. या दोन प्रश्नांची गल्लत झाली की एकीकडे चांगली अळिंबी केवळ तपकिरी दिसते म्हणून कचऱ्यात जाते आणि दुसरीकडे अंगणात उगवलेली पांढरीशुभ्र छत्री 'ताजी दिसते' म्हणून कढईत पडते. पुढील लेखाचा बराचसा भाग पहिल्या प्रश्नाविषयी आहे. दुसऱ्याविषयी जे सांगायला हवे ते शेवटी सांगितले आहे आणि ते वाचल्याखेरीज रानातील अळिंबीला हात लावू नये.

अळिंबी इतक्या लवकर का उतरते

ताज्या अळिंबीच्या वजनात सुमारे 90 टक्के पाणी असते. भोपळ्यातही पाणी भरपूर असते, पण त्याला जाड साल असते. अळिंबीला पाणी धरून ठेवणारे असे कोणतेही आवरण नसते. त्यामुळे कोरड्या हवेत ती सुरकुतते आणि दमट, कोंडलेल्या हवेत तिच्या अंगावर ओल साचते. शिवाय तोडणीनंतरही तिचे श्वसन जोरात चालू राहते. बटन अळिंबी खोलीच्या तापमानाला एक-दोन दिवस ठेवली तर तिचा देठ लांबतो, टोपीखालचा पातळ पडदा फाटतो आणि टोपी उघडते. म्हणजे तोडल्यावरही तिची वाढ पुरती थांबलेली नसते. या श्वसनातून पाणी आणि उष्णता बाहेर पडते, घट्ट गुंडाळलेल्या पाकिटात ती कोंडते आणि ओलाव्यावर वाढणाऱ्या जिवाणूंना हवी तशी जागा मिळते. स्यूडोमोनास गटातील जिवाणू हे त्यांपैकी प्रमुख असून, टोपीवर येणारे खोलगट तपकिरी डाग आणि नंतरचा बुळबुळीत थर हे बहुधा त्यांचेच काम असते.

साठवणीचे सगळे नियम यातूनच निघतात. थंडावा द्यायचा, कारण त्याने श्वसन मंदावते. हवा खेळती ठेवायची, कारण त्याने ओल निघून जाते. आणि पाणी लावायचे नाही.

विकत घेताना

साठवण दुकानातच सुरू होते. दुपारभर उन्हात मांडलेले पाकीट घरी आणून फ्रिजमध्ये कितीही नीट ठेवले तरी त्याचे आयुष्य आधीच सरलेले असते. बटन अळिंबी घेताना टोपी घट्ट मिटलेली, पृष्ठभाग कोरडा आणि देठाचे कापलेले टोक ताजे आहे का ते पाहावे. पाकीट किंचित तिरके करून आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसतात का ते जरूर पाहावे. एखाददुसरा थेंब चालेल, पण प्लास्टिकच्या आतून सगळीकडे दव धरलेले असेल तर ते पाकीट थंडीतून उकाड्यात आणि पुन्हा थंडीत असे फिरलेले असण्याची शक्यता मोठी असते. तळाशी तपकिरी पाणी साचलेले पाकीट घेऊच नये. पॅक केल्याची तारीख वाचावी, पण केवळ तिच्यावर विसंबू नये. दोन दिवसांपूर्वीचे, सतत थंड राहिलेले पाकीट हे सकाळी भरून दिवसभर टेम्पोत तापलेल्या पाकिटापेक्षा चांगले असते.

पांढऱ्याशुभ्र रंगाला ग्राहक वाजवीपेक्षा जास्त किंमत देतात असे मला वाटते. आपल्याकडे काही उत्पादक तोडणीनंतर बटन अळिंबी पोटॅशियम मेटाबायसल्फाइटच्या सौम्य द्रावणात धुतात, त्यामुळे ती काही काळ पांढरी दिसते. म्हणून पांढरेपणा हा ताजेपणाचा पुरावा धरता येत नाही. उलट, अंगाला थोडी काळसर माती चिकटलेली आणि किंचित मळकट दिसणारी अळिंबी न धुता आलेली असते व घरात जास्त टिकते. ज्यांना दमा आहे आणि सल्फाइटचा त्रास होतो हे ठाऊक आहे त्यांनी तर न धुतलेलीच निवडावी. ती काळसर माती पाहून किळस वाटण्याचे कारण नाही. बटन अळिंबीचे खत गव्हाचा पेंढा, कोंबडीचे खत, जिप्सम अशा घटकांपासून बनते हे खरे. परंतु ते बियाणे पेरण्यापूर्वी सुमारे 57 ते 60 अंश सेल्सिअसला पाश्चराइज केले जाते आणि त्यावर वेगळ्या, निर्जंतुक केलेल्या मातीचा किंवा कोकोपीटचा थर देतात. टोपीला चिकटते ती हीच माती.

बाजारहाटात अळिंबी सर्वांत शेवटी घ्यावी, पिशवीत वरच्या बाजूला ठेवावी आणि तासाभरात फ्रिजमध्ये जाईल असे पाहावे. घरपोच मागवली असेल तर पाकीट हातात पडताच उघडून पाहावे, कारण तक्रार करायची तर ती तेव्हाच करता येते.

घरी आणल्यावर काय करावे

प्रथम, ती धुवू नये आणि चिरू नये. ही सूचना सर्वांत जास्त मोडली जाते, कारण भाजी आणली की धुऊन, पुसून ठेवण्याची आपली सवय चांगल्या घरची मानली जाते. कोथिंबीर किंवा टोमॅटो धुऊन नीट कोरडे केले तर निभावते. अळिंबीच्या कल्ल्यांत, म्हणजे टोपीखालच्या पातळ पापुद्र्यांत, शिरलेले पाणी फडक्याने निघत नाही आणि दुसऱ्याच दिवशी त्या जागी चिकटपणा येतो. चिरल्याने पेशी फुटतात, आतील एन्झाइम हवेच्या संपर्कात येतात आणि कापलेली बाजू काळवंडते. शिवाय जिवाणूंना आत शिरायला वाट मिळते.

दुसरे, पाकीट उघडून एकेक अळिंबी पाहावी. चेंगरलेल्या, फुटलेल्या आणि टोपी उघडलेल्या वेगळ्या काढून त्या पहिल्या दिवशीच वापराव्यात. एखादी बुळबुळीत सापडली तर ती आणि तिला चिकटलेल्या शेजारच्या टाकून द्याव्यात. माती जास्तच असेल तर कोरड्या फडक्याने किंवा मऊ ब्रशने झाडावी.

तिसरे, उरलेल्या अळिंबी खाकी कागदी पिशवीत, एकावर एक फार न रचता भराव्यात आणि पिशवीचे तोंड सैल दुमडावे. कागद जादा ओल शोषतो आणि हवाही थोडी खेळू देतो. कागदी पिशवी नसेल तर पसरट डब्याच्या तळाशी किचन टॉवेल किंवा धुतलेले कोरडे सुती फडके अंथरून त्यावर अळिंबी एका थरात मांडावी, वरून दुसरे फडके घालावे आणि झाकण घट्ट न लावता तिरके ठेवावे. फडके ओलसर लागले की बदलावे. वर्तमानपत्रात मात्र गुंडाळू नये. छपाईची शाई ओलसर अन्नात उतरते आणि अन्नपदार्थांसाठी वर्तमानपत्र वापरू नये असे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने वारंवार बजावलेले आहे.

मूळ पाकीट न उघडता ठेवायचे असेल तर त्यावरच्या प्लास्टिकला भोके आहेत का ते पाहावे. ही भोके केवळ ओल जाण्यासाठी नसतात. अळिंबी श्वसनाने पाकिटातला ऑक्सिजन झपाट्याने संपवते, आणि ऑक्सिजन नसलेल्या, उबदार जागी क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा मातीत आढळणारा जिवाणू वाढून अत्यंत घातक विष तयार करू शकतो. हवाबंद वेष्टनात खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या अळिंबीत असे विष तयार होऊ शकते हे 1970 च्या दशकातील प्रयोगांत दिसून आले आणि त्यानंतर सच्छिद्र वेष्टनाचा आग्रह धरला जाऊ लागला. म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात, गाठ मारलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत किंवा व्हॅक्यूम पॅक करून ताजी अळिंबी ठेवू नये, आणि बाहेर ओट्यावर तर मुळीच नाही.

चौथे, फ्रिजमधली जागा. अळिंबीला आदर्श तापमान शून्य ते दोन अंश असते. घरच्या फ्रिजमध्ये ते साधत नाही, पण चार अंश किंवा त्याखाली राखता येते. मधल्या कप्प्यात पुढच्या बाजूला ठेवणे मला सर्वांत योग्य वाटते. मागच्या भिंतीला टेकवले तर ती गोठते आणि सुटल्यावर पाणी सोडून लिबलिबीत होते. भाजीचा बंद कप्पा पालेभाजीसाठी ओलावा धरून ठेवण्यासाठी बनवलेला असतो, त्यामुळे तिथे ठेवायचे तर त्याची हवेची खिटी उघडी ठेवावी. चिरलेला कांदा, लसूण, सुकट यांच्याजवळ ठेवू नये, कारण अळिंबी वास चटकन धरते. आणि न शिजवलेल्या मासळीच्या किंवा चिकनच्या खालच्या कप्प्यात तर कधीच ठेवू नये, वरून गळणारा एक थेंबही पुरे होतो. फ्रिज खरोखर किती थंड आहे हे पाहायचे असेल तर पेलाभर पाण्यात थर्मामीटर बुडवून रात्रभर आत ठेवावा आणि सकाळी वाचावा. वीज गेली तर दार न उघडलेला फ्रिज साधारण चार तास पुरेसा थंड राहतो. त्याहून जास्त वेळ गेला असेल तर अळिंबी त्याच दिवशी नीट तपासावी आणि चांगली असेल तर शिजवून संपवावी.

कोणती किती टिकते

बटन अळिंबी अशा रीतीने ठेवली तर चार ते सात दिवस टिकते; तपकिरी रंगाची क्रेमिनी आणि मोठी, उघडी पोर्टोबेलो या त्याच जातीच्या असून त्यांनाही हेच लागू पडते. धिंगरी, म्हणजे ऑयस्टर मशरूम, अधिक नाजूक असते. महाराष्ट्रात तिची लागवड पेंढ्यावर, वातानुकूलित खोल्यांविना, लहान शेतकरी व महिला बचत गटही करतात, त्यामुळे ती बरेचदा खरोखर ताजी मिळते; पण तिच्या टोप्या पातळ असतात आणि श्वसन वेगवान असते, म्हणून दोन-तीन दिवसांत ती संपवावी. तिचा गुच्छ अखंड ठेवावा, पाकळ्या आयत्या वेळी सोडवाव्यात. दुधी अळिंबी जाड, भरीव आणि टिकाऊ असते. पांढऱ्या अळिंबींत फ्रिजमध्ये आठवडाभर धीर धरणारी हीच. शिताके साधारण आठवडाभर टिकते.

भाताच्या पेंढ्यावर येणारी अळिंबी मात्र या सगळ्याला अपवाद आहे. ओडिशात ती मोठ्या प्रमाणावर पिकते. ती 30 ते 35 अंशांच्या उष्म्यात वाढणारी असल्याने दहा अंशांखालच्या थंडीत तिच्या पेशी मोडतात आणि फ्रिजमध्ये ती टिकण्याऐवजी पाणी सोडून विरघळू लागते. ती आणली त्याच दिवशी शिजवावी.

बिघडली आहे का, हे कसे ठरवावे

तपासणी उजेडात करावी आणि घाईत करू नये. अळिंबी फ्रिजमधून काढून ताटात पसरावी आणि दहा मिनिटे तशीच ठेवावी. थंड पदार्थाचा वास कमी येतो, त्यामुळे फ्रिजमधून काढल्याकाढल्या हुंगून दिलेला निकाल फसवा असतो. उलट बंद पाकीट उघडल्यावर पहिल्या क्षणी कोंडलेला वास येतो, तोही हवा लागल्यावर निघून जाऊ शकतो. दहा मिनिटांनी जो वास राहील तो खरा.

आधी बोटांनी पाहावे, कारण माझ्या मते स्पर्श हा सर्वांत भरवशाचा साक्षीदार आहे. चांगली अळिंबी कोरडी किंवा अगदी किंचित दमट, मखमली आणि दाबल्यावर लवचीक लागते. दवामुळे ओली झालेली अळिंबी पुसली की कोरडी होते. बिघडलेली पुसली तरी बोटांना बुळबुळीत थर लागतो आणि बोट उचलताना तो थोडा ओढला जातो. असा थर आला की ती टाकावी. धुऊन थर निघतो, पण जिवाणू आणि त्यांनी आत सोडलेली द्रव्ये निघत नाहीत. टोपी दाबल्यावर बोट सहज आत जात असेल, मांस पिठूळ किंवा पाणचट झाले असेल, तर तीही टाकावी.

मग वास. ताज्या बटन अळिंबीला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा सौम्य वास असतो. ताज्या धिंगरीला कधीकधी बडीशेपेकडे झुकणारा, किंचित गोडसर वास येतो. आंबूस, मासळीसारखा, किंवा नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला तर रंग कसाही असो, ती खाऊ नये. अमोनिया हा प्रथिने कुजू लागल्याची खूण आहे, आणि धिंगरीत ती बुळबुळीत होण्याच्या आधीच नाकाला कळते.

रंगाचा क्रमांक शेवटचा, आणि लोक नेमके त्याच्यापासून सुरुवात करतात. अळिंबीतील टायरोसिनेज या एन्झाइममुळे दाबल्या गेलेल्या किंवा कापलेल्या जागी तपकिरी रंग येतो. कापलेले वांगे काळे पडते तशीच ही रासायनिक क्रिया आहे आणि तिच्याने अळिंबी अपायकारक होत नाही. सर्वांगावर हलकी तपकिरी छटा, कोरडा पृष्ठभाग आणि चांगला वास असेल तर निःशंकपणे शिजवावी. खोलगट, गडद, ओलसर डाग असतील तर ते जिवाणूंचे असू शकतात. असा डाग एखादाच आणि वरवरचा असेल, खालचे मांस पांढरे व घट्ट असेल, तर भोवतीच्या भागासह कापून उरलेली त्याच दिवशी वापरता येते, पण डाग पसरलेले असतील तर संपूर्ण अळिंबी टाकावी.

उघडलेली टोपी आणि आत दिसणारे काळपट-तपकिरी कल्ले पाहून पुष्कळ लोक घाबरतात. बटन अळिंबीचे बीजाणू मुळातच गडद तपकिरी असतात; ती जसजशी पक्व होते तसतसे गुलाबी कल्ले तपकिरी आणि मग जवळजवळ काळे होतात. अशी अळिंबी चवीला अधिक दाट असते, फक्त रस्सा काळपट होतो. तिच्याजवळ दिवस कमी उरलेले असतात एवढेच ध्यानात ठेवून ती लगेच करावी. सुरकुतलेल्या अळिंबीचेही तसेच आहे. तिचे पाणी उडालेले असते. चिकटपणा व दुर्गंधी नसेल तर ती रश्शात किंवा पुलावात चांगली लागते.

पांढऱ्या लवीविषयी मात्र काळजीपूर्वक पाहावे लागते. धिंगरीच्या देठाच्या बुडाशी किंवा टोपीच्या कडेला येणारी शुभ्र, कापसासारखी लव बहुधा तिच्याच कवकतंतूंची असते, कारण ती अजून जिवंत असते आणि दमट जागी पुन्हा वाढू पाहते. तसेच गुच्छातल्या खालच्या टोपीवर दिसणारी पांढरट भुकटी ही वरच्या टोपीतून गळलेल्या बीजाणूंची असू शकते. दोन्ही पुसता येतात आणि त्यांना कुबट वास नसतो. हिरवा, निळसर, काळा, करडा किंवा गुलाबी ठिपका दिसला, लव उंच उठून तिच्या टोकांवर काळे कण दिसले, किंवा कुबट वास आला, तर ती परकी बुरशी समजावी. अळिंबीसारख्या मऊ आणि पाणीदार पदार्थात बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्याहून खोल गेलेले असतात, म्हणून तेवढाच भाग कापून उरलेला वापरण्याचा मोह टाळावा.

संपूर्ण पाकिटाचा निर्णय करताना मी असा नियम सुचवेन: एक-दोन बिघडलेल्या असतील तर त्या व त्यांना टेकलेल्या टाकून बाकीच्या एकेक करून तपासाव्यात; निम्म्याच्या आसपास बिघडल्या असतील तर पाकीटच टाकावे. चव घेऊन पाहणे ही तपासणी नाही. आणि 'चांगली उकळली की झाले' ही समजूत धोक्याची आहे. उकळल्याने जिवाणू मरतात, पण काही जिवाणूंनी आधीच तयार केलेले विष उष्णतेला दाद देत नाही. 1989 मध्ये अमेरिकेत डबाबंद अळिंबीमुळे विषबाधेच्या अनेक घटना घडल्या, तेव्हा कारण ठरले ते स्टॅफिलोकॉकस जिवाणूचे असेच उष्णता सोसणारे विष. डबाबंद करतानाच्या उच्च तापमानातूनही ते शिल्लक राहिले होते.

धुणे आणि शिजवणे

शिजवण्याच्या अगदी आधी वाहत्या पाण्याखाली चाळणीत अर्धा मिनिट फिरवून धुवावी आणि लगेच फडक्यावर कोरडी करावी. कणीक चोळून धुण्याची पद्धत अनेक घरांत आहे. तिने माती निघते, फक्त कणकेचा अंश पूर्ण धुऊन काढायला हवा. कढई चांगली तापवून मोठ्या आचेवर, गर्दी न करता परतावी. आधी पाणी सुटेल, ते आटेल आणि मग अळिंबी खरपूस होऊ लागेल. तिथवर नेली की ती आतपर्यंत शिजलेली असते. मीठ पाणी आटल्यावर घालावे.

कच्ची अळिंबी सॅलडमध्ये घालण्याची पद्धत शहरांत रुळली आहे. निरोगी प्रौढाने अगदी ताजी बटन अळिंबी क्वचित थोडी खाल्ली तर बहुधा काही होत नाही, तरी मी ती शिजवूनच खावी असे म्हणेन. शिताके कच्ची किंवा अर्धवट शिजलेली खाल्ल्याने काही लोकांच्या अंगावर चाबकाच्या वळांसारखे खाजणारे लाल पट्टे उठतात. सुईसारखी लांब, पांढरी एनोकी आता मोठ्या शहरांतील दुकानांत मिळते. 2020 मध्ये अमेरिकेत एनोकीतून पसरलेल्या लिस्टेरिया जिवाणूमुळे 36 लोक आजारी पडले आणि चौघे दगावले. लिस्टेरिया फ्रिजच्या थंडीतही वाढतो. गरोदर स्त्रिया, वृद्ध, केमोथेरपी किंवा अवयवरोपणानंतरची औषधे घेणारे यांनी कोणतीही अळिंबी कच्ची खाऊ नये. प्रथमच खाणाऱ्याने, विशेषतः लहान मुलाने, पहिल्या वेळी थोडीच खावी. काहींना ती पचत नाही आणि क्वचित ॲलर्जीही असते.

उरलेली भाजी, गोठवण आणि वाळवण

शिजवलेली अळिंबी दोन तासांच्या आत, आणि वैशाख-ज्येष्ठाच्या उकाड्यात तासाभरातच, पसरट झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावी. तीन दिवसांत संपवावी. अळिंबीची भाजी पुन्हा गरम केली की विषारी होते अशी समजूत आहे, ती खरी नाही. बाहेर तासन्‌तास राहिलेली भाजी गरम करणे हे खरे अपायाचे कारण असते. गरम करताना आतपर्यंत वाफा येतील इतकी करावी, आणि जेवढी खायची तेवढीच काढून करावी.

जास्त अळिंबी आली असेल तर ती बिघडायला लागण्याची वाट न पाहता पहिल्या-दुसऱ्या दिवशीच गोठवावी. कच्ची गोठवल्यास सुटताना काळी व रबरी होते. म्हणून ती धुऊन, फोडी करून, थोडे लिंबू पिळलेल्या उकळत्या पाण्यात दोन ते तीन मिनिटे टाकावी, बर्फाच्या पाण्यात गार करावी, निथळून कोरडी करावी आणि ताटात सुटी पसरून फ्रीझरमध्ये घट्ट झाल्यावर पिशवीत भरावी. उणे 18 अंशांना ती आठ-दहा महिने चांगली राहते. वापरताना न वितळवता थेट कढईत टाकावी.

वाळवण्यासाठी धिंगरी उत्तम. तिच्या पट्ट्या सोडवून कडक उन्हात जाळीखाली, किंवा ड्रायरमध्ये 55 ते 60 अंशांवर, वाकवल्यावर कट्‌ असा आवाज होऊन मोडेपर्यंत वाळवाव्यात. वाकत असतील तर आत ओल आहे. पावसाळ्यात उन्हाच्या भरवशावर वाळवण घालू नये. कुरकुरीत झालेली धिंगरी गार झाल्यावर हवाबंद बरणीत भरावी आणि वापरण्यापूर्वी अर्धा तास कोमट पाण्यात भिजवावी. वाळलेल्या पदार्थाला हवाबंद डबा चालतो, ताज्याला नाही.

घरी तेलात लसूण आणि अळिंबी मुरवून बरणी ओट्यावर ठेवण्याविरुद्ध मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे. आपली कैरीची किंवा लिंबाची लोणची आम्लामुळे आणि मिठामुळे टिकतात. अळिंबीत आम्ल नसते, तेलाखाली हवा नसते, आणि बोट्युलिनमला हेच हवे असते. त्याच्या विषामुळे अन्नाला वास किंवा चव येईलच असे नाही. असा पदार्थ केला तर फ्रिजमध्ये ठेवावा आणि तीन-चार दिवसांत संपवावा.

रानात, अंगणात उगवलेली अळिंबी

कोकणात आणि गोव्यात श्रावणाच्या आसपास वारुळांवर उगवणारी अळंबी, विदर्भाच्या झाडीपट्टीतील सात्या, यांची गोडी ज्यांनी चाखली आहे त्यांना ती लागवडीच्या अळिंबीत सापडत नाही. वाळवीच्या सहवासाशिवाय ती वाढत नसल्याने तिची व्यापारी लागवड होत नाही, म्हणून तिचा हंगाम लोक वर्षभर आठवतात. ती पिढ्यान्‌पिढ्या ओळखणाऱ्या माणसाकडूनच घ्यावी, त्याच दिवशी निवडून, माती व किडे काढून शिजवावी. रात्रीपलीकडे तिला ठेवू नये.

ज्याला ती ओळख नाही त्याने छायाचित्र पाहून किंवा मोबाइलच्या ॲपवर विसंबून अळिंबी तोडू नये. चांदीचा चमचा काळा पडतो, सोबत शिजवलेला लसूण किंवा तांदूळ रंग बदलतो, किडीने किंवा गोगलगायीने खाल्लेली अळिंबी माणसाला चालते, पांढरी ती निर्धोक: या सगळ्या कसोट्या खोट्या आहेत. अमॅनिटा वंशातील काही जाती पांढऱ्या, देखण्या, चांगल्या वासाच्या आणि खाणाऱ्यांच्या सांगण्यानुसार चवदारही असतात. त्यांतील अमॅटॉक्सिन हे विष उकळून, तळून, वाळवून किंवा गोठवून नष्ट होत नाही. एप्रिल 2022 मध्ये आसामात रानातील विषारी अळिंबी खाऊन 13 लोक मरण पावले. त्यांतील अनेक जण चहामळ्यांतील कामगारांच्या कुटुंबांतले होते.

आपल्याकडे पावसाळ्यात सोसायट्यांच्या हिरवळीवर, मैदानांत उगवणारी एक मोठी, पांढरी, तपकिरी खवल्यांची छत्रीही फसवते. पक्व झाल्यावर तिचे कल्ले हिरवट होतात, कोवळेपणी मात्र ते पांढरेच असतात. ती खाल्ल्यावर एक ते तीन तासांत जोराच्या उलट्या आणि जुलाब सुरू होतात. लहान मुले खेळतात तिथल्या अशा छत्र्या हातमोजे घालून उपटून टाकाव्यात.

विषबाधेचा संशय आला तर लक्षणे किती वेळाने सुरू झाली हे फार महत्त्वाचे असते. खाल्ल्यावर लवकर सुरू झालेला त्रासही गंभीर असू शकतो, पण सहा तास किंवा त्याहून अधिक काळाने, कधी दुसऱ्या दिवशी, पोटदुखी, उलट्या, पाण्यासारखे जुलाब सुरू झाले तर अमॅटॉक्सिनची शंका घ्यावी. यात फसवा टप्पा असा की एक-दोन दिवसांनी रुग्णाला बरे वाटू लागते आणि त्याच काळात यकृत निकामी होत असते. म्हणून बरे वाटते या कारणाने रुग्णालयात जाणे लांबवू नये किंवा तिथून लवकर घरी आणू नये. ज्यांनी ती भाजी खाल्ली पण अजून त्रास झालेला नाही त्यांनाही सोबत न्यावे. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये, तूप-दूध पाजत वेळ घालवू नये. 108 ला फोन करावा, किंवा वाहन असेल तर अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात थेट जावे. उरलेली भाजी, कच्च्या अळिंबीचे तुकडे आणि देठाची निवडण कागदी पिशवीत घालून बरोबर घ्यावी; अळिंबी कुठे उगवली होती, किती वाजता खाल्ली, पहिली उलटी किती वाजता झाली आणि कोणी किती खाल्ली हे कागदावर लिहून डॉक्टरांच्या हाती द्यावे. अळिंबी अजून जागेवर उभी असेल तर एकाने मागे थांबून ती बुडाच्या मातीसकट उकरून घ्यावी, कारण जात ओळखणाऱ्याला देठाच्या बुडाशी असलेली वाटीसारखी पिशवी पाहायची असते आणि ती बहुधा जमिनीतच राहून जाते.